आधी गाळणी!

गेल्या दिवाळीत आमच्या घरात एक खटला उभा राहिला. फिर्यादी माझी आई, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. आरोपी माझा पुतण्या, वय वर्षे वीस. न्यायाधीश होण्याची माझी योग्यता नाही. पण शाळामास्तराला निकाल देण्याची खोड असते, ती कुठे जाणार!

घडले ते असे. आईने हौसेने माजघरातल्या जात्यात चार मुठी दाणे टाकले आणि लहानपणी पाठ झालेल्या ओव्या म्हटल्या. पुतण्याने त्या मुद्रित केल्या. मग दोन दिवस खोलीचे दार लावून तो संगणकापुढे बसला आणि भाऊबीजेला सारे घर गोळा करून त्याने आपली करामत ऐकवली. आवाज घुमत होता, एकाचे दोन होत होते, मध्येच त्याचे तुकडे होऊन उडत होते आणि मागे समुद्र गर्जत होता. आम्ही माना डोलावल्या. आई मात्र शांतपणे म्हणाली, "छान आहे रे बाळा. पण ही बाई कोण?"

पोराचे तोंड एवढेसे झाले. मी चौकशी केली तेव्हा कळले, की त्याने 'मल्टि-इफेक्ट' नावाचे प्लगइन वापरले होते. प्लगइन म्हणजे मुद्रित आवाजाला जोडायची संगणकातली आज्ञावली. त्यांत दोन जाती आज पोरांना फार भुरळ घालतात. एक फिल्टर, म्हणजे आवाजाची गाळणी. साउंडटॉइज कंपनीचा फिल्टरफ्रीक, फॅबफिल्टरचा व्होल्केनो ही त्यातली नावाजलेली. दुसरी मल्टि-इफेक्ट, म्हणजे तयार मसाला. घुमारा, प्रतिध्वनी, फाटका आवाज, थरथर आणि गाळणीसुद्धा, सारे एकाच डबीत. केबलगाइजचा शेपरबॉक्स, किलोहार्ट्सचा मल्टिपास हे या पंथातले. पहिले कोणते घ्यावे, यावर पोरांत रात्र-रात्र वाद चालतात. माझे मत मी आधीच सांगून टाकतो: आधी गाळणी. मसाला मागाहून, आणि तोही जिभेला चव कळू लागल्यावर.

गाळणीचे काम सोपे आहे. माणसाचा कान सेकंदाला सुमारे 20 पासून 20,000 पर्यंत कंपने ऐकतो. गाळणी त्यात एक रेघ मारते. रेघेच्या वरचे अडवायचे आणि खालचे सोडायचे, किंवा उलट. ही रेघ म्हणजे कटऑफ. रेघेपाशीचा आवाज थोडा उचलून धरायचा, तो रेझोनन्स. ही रेघ तालावर वरखाली हलवता येते, नाहीतर गाणाऱ्याच्या जोराप्रमाणे हलू देता येते. बस्स!

एवढ्याशा गोष्टीत काय आहे, असे म्हणू नका. एकच सूर धरून 'अ, आ, ई, ऊ' म्हणून पाहा. गळ्यातला सूर तोच. बदलते ती जिभेची आणि ओठांची ठेवण. तोंड हीच निसर्गाने दिलेली गाळणी आहे. पहिलीच्या वर्गात पोरे 'क का कि की' ओरडतात तेव्हा प्रत्येक जण आपापली गाळणीच फिरवत असतो. सारी बाराखडी ज्या करामतीवर उभी आहे, तिला कोणी किरकोळ म्हणावे?

पुतण्याचा युक्तिवाद असा: "काका, मल्टि-इफेक्टमध्ये फिल्टर असतोच. एकाच्या पैशांत दहा मिळतात, मग नुसता फिल्टर का घ्यायचा?"

हिशेब बिनचूक आहे, पण तो वाण्याचा. शिकणाऱ्याचा हिशेब निराळा. त्या डबीत कित्येकदा एकच नॉब असतो आणि तो फिरवला की पाच गोष्टी एकदम हलतात. कान म्हणतो, "वा!" पण वा कशाला, हे त्याला सांगता येत नाही. त्यातून अशा डब्या बहुतेक वेळा आवाज मोठाही करतात, आणि मोठा आवाज आपल्याला चांगला वाटतो, ही कानाची जुनी दुबळी बाजू आहे. दोन्ही आवाज सारख्या पातळीवर आणून, परिणाम बंद करण्याचे बटण दाबून आलटून पालटून ऐका. निम्मी जादू तिथेच उतरते.

शिवाय क्रमाची गोष्ट आहे. आवाज आधी गाळून मग फाडला, तर गाळलेल्या आवाजात नवे तीव्र अंश उगवतात. आधी फाडून मग गाळला, तर तेच अंश कापले जातात. सामान तेच, पदार्थ दोन. आधी फोडणी की आधी भाजी, हे सुगरणीला सांगावे लागत नाही. तयार मसाल्यावर वाढलेल्या पोराला मात्र असा प्रश्न आहे हेच ठाऊक नसते.

आणि थोडक्या सामानाने काय होते, याचा दाखला इतिहासात आहे. जपानच्या रोलँड कंपनीने 1981 मध्ये टीबी-303 नावाची चिमुकली पेटी काढली. खर्जाच्या सुरांची साथ करायला ती केली होती. स्वर ओळीने लावून ठेवायची सोय, आणि वर सहा लहान नॉब. त्यांत कटऑफ आणि रेझोनन्स. पेटी बाजारात पडली आणि 1984 मध्ये बंद झाली. पण शिकागोच्या 'फ्यूचर' या चमूने तिचे हेच नॉब वाजता-वाजता पिळले आणि 1987 मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही ध्वनिमुद्रिका काढली. त्यातून अ‍ॅसिड हाउस नावाचा नाचाच्या संगीताचा नवा प्रकार जगभर पसरला. त्याच्या पाच वर्षे आधी, 1982 मध्ये, आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी हीच पेटी घेऊन दहा राग मुद्रित केले होते. तेव्हा कोणी फारसे विचारले नाही. 2010 मध्ये ती मुद्रिका पुन्हा निघाली तेव्हा जगाने कान टवकारले. मुद्दा एवढाच, की कमतरता सामानात नव्हती.

प्रतिपक्षावर अन्याय नको. उद्या सकाळी जाहिरातीचे संगीत द्यायचे आहे, काय हवे ते डोक्यात स्पष्ट आहे, अशा कसबी माणसाने मल्टि-इफेक्ट जरूर वापरावा. ठरवून केलेली गंमतही मला वर्ज्य नाही. माझे भांडण डबीशी नाही. पहिला धडा म्हणून ती हाती देण्याशी आहे.

गाळणीही चुकते. आईच्या प्रश्नानंतर पुतण्याने सारे परिणाम काढून टाकले. मूळ मुद्रण संगणकात जसेच्या तसे होते, हा या यंत्रांचा मोठा गुण. मग त्याने खालची घरघर नको म्हणून रेघ बरीच वर नेली आणि पुन्हा ऐकवले. आई म्हणाली, "आता मी आहे. पण जातं कुठे गेलं?" त्याने रेघ खाली आणली आणि जाते परत आले. मला जे म्हणायचे आहे ते सारे एवढ्यात आले. गाळणीने चूक केली, ती अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला कळली, आणि एक नॉब फिरवून सुधारली. आधीची चूक पाच नॉबांत कुठे दडली होती, हे खुद्द करणाऱ्यालाही सापडले नव्हते. गाइडातून उत्तर उतरवणाऱ्या मुलाची गत हीच. उत्तर चुकले, तर कुठे चुकले हे त्याला शोधता येत नाही.

तेव्हा पालकहो, दिवाळी उलटली की नोव्हेंबरच्या अखेरीस या प्लगइनांचे विलायती सेल लागतात आणि घरोघर हट्ट सुरू होतात. पैसे देण्याआधी पोराला एक अट घाला. संगीताच्या बहुतेक संगणकीय कार्यक्रमांत एक साधी गाळणी मुळातच फुकट असते. तिच्यावर त्याने महिनाभर घरातल्याच एखाद्याचा आवाज घेऊन काम करावे आणि कुठली रेघ कुठे आणि का ठेवली, हे तुम्हाला तोंडी सांगावे. सांगता आले, तर हवी ती डबी घेऊन द्या. नाही आले, तर ते पैसे चकलीच्या भाजणीत घाला; ती निदान चाळून तरी घेतात.