बर्फात ठेवले असते तर?

गेल्या वर्षी आपल्याच किनाऱ्यावर बुडून मुलगा गमावलेले एक गृहस्थ परवा दवाखान्यात आले. त्यांनी मोबाईलवर चित्रफीत दाखवली. अमेरिकेत मृतदेह द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर ठेवतात. पुढे कधीतरी जिवंत करता येईल, ह्या आशेवर. ते म्हणाले, "डॉक्टर, त्याला लगेच बर्फात ठेवलं असतं तर?"

ह्या आशेच्या पुष्टीसाठी जी घटना सांगतात, ती खरी आहे. 1999 साली नॉर्वेत ॲना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर गोठलेल्या ओढ्यात 80 मिनिटे अडकली. तिचे तापमान 13.7 अंशांवर आले, हृदय थांबले. तरी ती वाचली. कारण हृदय थांबण्यापूर्वीच मेंदू गार झाला होता. तापमान एका अंशाने उतरले की मेंदूची प्राणवायूची गरज साधारण सहा-सात टक्क्यांनी घटते. महाधमनीच्या काही शस्त्रक्रियांत रक्ताभिसरण थोडा वेळ थांबवतात, तेही ह्याच बळावर. गारवा हानीचा वेग मंदावतो. झालेली हानी भरून काढीत नाही.

जन्मतः गुदमरलेल्या बाळांना गार ठेवण्याचा उपचार पाश्चात्त्य देशांत गुणकारी ठरला. मुंबईच्या शीव रुग्णालयासह भारत, श्रीलंका व बांगलादेशातील 408 बाळांवर तो पारखला गेला. 2021 साली निष्कर्ष आला: गार ठेवलेल्यांपैकी 42 टक्के दगावली, इतरांपैकी 31 टक्के. मेंदूची इजा आधीच होऊन गेली असावी, असे एक अनुमान आहे.

मृतदेह गोठवणे तर त्याहून पुष्कळ पुढची उडी. गोठवलेला गर्भ जगतो, कारण तो मोजक्या पेशींचा असतो. सव्वा किलोचा मेंदू गोठवून कोणी परत जागा केलेला नाही.

आपला समुद्र कोमट. तो मेंदूला सवलत देत नाही; हाती मिनिटेच असतात. म्हणून मी त्यांना स्पष्ट सांगितले, बर्फाने काही झाले नसते. मग त्यांनीच विचारले, "आम्ही पोट दाबून पाणी काढत होतो, ते बरोबर होतं ना?" मी घुटमळलो. पण खोटे बोलवेना.

बुडालेला बेशुद्ध असेल व श्वास नसेल, तर पाणी काढण्यात वेळ दवडू नये. आधी तोंडाने श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यावर जोराने 30 दाब व 2 श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दुसऱ्याने 108 ला फोन करावा.

त्यांनी हे सारे वहीत उतरवून घेतले. येत्या रविवारी त्यांच्या वाडीतल्या मुलांना शिकवायला मला बोलावले आहे.