दारातला जुना ट्रक

मैत्रिणींनो, जुनी पैठणी जपावी कशी, पितळी समईचा डाग काढावा कसा, असली पत्रे आपल्या सदराकडे नेहमीच येतात. या खेपेला आलेले पत्र मात्र अगदी निराळे आहे. कराडकडच्या एका भगिनीने लिहिले आहे : 'मामंजींचा १९६४ सालचा टाटा-मर्सिडीज ट्रक गेली वीस-बावीस वर्षे आमच्या परड्यात उभा आहे. मामंजी गेल्या वर्षी वारले. धाकटे भाऊजी म्हणतात, भंगारवाल्याला देऊन टाकू, जागा तरी मोकळी होईल. ह्यांच्या मनात तो पुन्हा पहिल्यासारखा करायचा आहे. थोरलीचे इंजिनिअरिंगचे पहिलेच वर्ष आहे. रोज जेवताना यावरून शब्दाला शब्द वाढतो. मी कोणाच्या बाजूने बोलू?'

सध्या कोणाच्याच बाजूने बोलू नका, बाई. भाऊजी म्हणतात ते आणि तुमचे यजमान म्हणतात ते, या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी वाट आहे. तिला पैसे थोडे लागतात आणि विचाराला सवड मिळते. ती वाट म्हणजे ट्रकचे आणखी कुजणे थांबवणे. ते कसे, हे सांगतेच. पण आधी परड्यात उभे आहे ते आहे तरी काय, हे माहीत हवे. आपल्याला गाडीतले काय कळते म्हणून बायका अशा बोलण्यातून उठून आत जातात, आणि मग निर्णय झाल्यावर खर्चाचा आकडा तेवढा कानावर येतो!

जमशेदपूरची टेल्को कंपनी १९४५ साली सुरू झाली ती रेल्वेची इंजिने बनवण्यासाठी. १९५४ साली तिने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार केला आणि त्याच वर्षी तिथून पहिला ट्रक बाहेर पडला. जर्मन एल ३१२ जातीचा, लांब नाकाचा, जाळीवर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा. आत सहा सिलिंडरचे, सुमारे साडेचार लिटरचे डिझेल इंजिन. करार पंधरा वर्षांचा होता. १९६९ साली तो संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचे 'टी' अक्षर आले. म्हणजे तुमच्या मामंजींची गाडी ताऱ्याच्या जमान्यातली. जुने ड्रायव्हर अजून 'मर्सिडीज' म्हणतात, ते उगीच नव्हे. पुढच्या गाड्यांच्या नंबरांतही एक गंमत आहे. १२१० म्हणजे भरलेल्या गाडीचे वजन बारा टन आणि ताकद सुमारे शंभर अश्वशक्ती. १६१३ म्हणजे सोळा टन आणि एकशेतीस. एवढे एकदा जेवताना बोलून पाहा, पुरुषमंडळी घास हातात धरून तुमच्याकडे बघतील.

पण मला स्वतःला यातले इंजिन तितके मोलाचे वाटत नाही. ते हजारोंनी निघाले. त्या काळी कारखान्यातून बहुतेक ट्रक येत ते म्हणजे चेसिस, इंजिन, चाके आणि पुढचे नाक एवढेच. केबिन आणि मागचा हौदा गावातला बॉडीवाला लाकडात घडवायचा. लाकूड कोणते, खिडकी केवढी, ड्रायव्हरच्या डोक्यावर फळी किती रुंद, हे मालक आणि सुतार उभ्या उभ्या ठरवीत. मग पेंटर येऊन फाळक्यावर गावाचे नाव, कुलदैवत, मुलांची नावे, कमळे, मोर काढी. त्यामुळे एका साच्यातल्या इंजिनावर प्रत्येक घरचा ट्रक वेगळा दिसे. इंजिनाचे भाग आजही शोधले तर मिळतात. पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरपार्टच्या बाजारात. पण मामंजींनी उभे राहून बनवून घेतलेली केबिन कुठल्याच बाजारात मिळायची नाही. हौसेने ट्रक नीट करणारे पुष्कळ जण नेमके उलटे करतात. इंजिनावर पैसे ओततात आणि लाकूड कुजले म्हणून केबिन तोडून पत्र्याची चकचकीत नवी बसवतात. वर मेटॅलिक रंग. तो ट्रक मग नवाही नसतो आणि जुनाही राहत नाही.

हा नाद काही तुमच्या यजमानांनाच लागलेला नाही, बरं का. इंग्लंडात जुने ट्रक आणि बसगाड्या जपणाऱ्यांची संस्था १९५८ साली निघाली, आणि लंडनहून ब्रायटनपर्यंत जुन्या मालगाड्यांची त्यांची दौड १९६२ सालापासूनची. अमेरिकेतही ट्रकच्या इतिहासाची संस्था १९७१ पासून आहे. लँकेशायरमधल्या लेलँड गावी ट्रक-बसचे एक संग्रहालयच आहे. हे लेलँड म्हणजे आपल्या अशोक लेलँडमधले लेलँड. आणि 'अशोक' हे त्या कंपनीच्या संस्थापकाच्या मुलाचे नाव! आपल्याकडे मोटारींचे आणि स्कूटरींचे शौकीन खूप, ट्रकचे फार थोडे. ट्रक हा पोटापाण्याचा. थकला की विकला, नाहीतर तोडला. म्हणूनच साठीतला घरचा ट्रक आता सहसा दिसत नाही.

आता तिसऱ्या वाटेबद्दल. पावसाळ्याआधी एक आठवडा काढा. पहिल्या दिवशी कोणीही काही सोडवायचे नाही. फक्त फोटो काढायचे. चारी बाजू, केबिन आतून, इंजिन, वायरी, फाळक्यावरचे प्रत्येक अक्षर. पुढे पेंटरला आणि सुताराला हेच फोटो लागणार आहेत. मग साफसफाई, पण काठी घेऊन आणि लहान मुलांना लांब ठेवून. वीस वर्षे बंद केबिनमध्ये गांधीलमाशा, विंचू, क्वचित सापही असतो. हौद्यातला पालापाचोळा काढा, पाणी साचते तिथे वाट करून द्या, जमिनीला टेकलेले लाकूड सोडवून वाळवीचे औषध लावा. गाडी लाकडी ठोकळ्यांवर घेऊन चाकांवरचा भार कमी करायचा, तो माहीतगार मेकॅनिककडूनच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी क्षणभरही शिरू नये. वर ताडपत्री घाला, पण चापून बांधू नका. खालून वारा खेळला नाही तर आत दमट राहून पत्रा दुप्पट गंजतो. आणि दोन पत्रे टाकून शेड झाली तर फारच उत्तम. एवढे केले की ट्रक आणखी पाच वर्षे आहे तसा उभा राहील. तोवर लेकीचे शिक्षण होईल आणि घरातली डोकीही थंड होतील.

पुढची पायरी इंजिनाची. इथे पुरुषांना धीर नसतो. नवी बॅटरी आणतात आणि सरळ स्टार्टर मारतात! इतकी वर्षे बंद असलेल्या इंजिनात पिस्टन चिकटलेले असू शकतात. आधी टाकीतले जुने डिझेल आणि खालचे ऑइल काढून टाकायचे, नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडायचे, चार-आठ दिवस मुरू द्यायचे, मग इंजिन हाताने फिरते का पाहायचे. फिरले तर अर्धी लढाई जिंकली. आणि ब्रेक होईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही, इंजिन कितीही छान बोलत असले तरी.

सोडवलेले नटबोल्ट हे तुमच्या अखत्यारीतले काम समजा. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, प्रत्येकीवर चिठ्ठी : 'डावा दरवाजा', 'रेडिएटर', 'पुढचा पाटा'. मसाल्याचे डबे लावणारा हात हे जितके नीट करील तितके कोणी मेकॅनिक करणार नाही.

यानंतर मी सांगते ते कृपा करून यजमानांना वाचून दाखवा. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे. ड्रम उघडला की आतली धूळ हवेच्या पाइपने उडवायची मेकॅनिक लोकांची सवय असते. ती धूळ फुप्फुसात गेली की पंचवीस-तीस वर्षांनी कॅन्सर होऊन उठू शकते. ती ओल्या फडक्याने टिपायची आणि फडके पिशवीत बांधून टाकायचे. कामाचे कपडे घरात झटकू नका आणि इतर कपड्यांत धुवू नका. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या बायका नुसते नवऱ्याचे कपडे धुऊन आजारी पडल्या, हे डॉक्टरांनी १९६० च्या दशकातच नोंदवून ठेवले आहे. जुन्या रंगात शिसे असते. तो कोरडा घासू नये, पाणी मारून घासावा आणि मुलांना तिथे खेळू देऊ नये. लाकडाला उकळलेले जवसाचे तेल लावतात, त्याची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर काडी न लावता आपोआप पेट घेतात. ती अंगणात पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवा. आणि चाके! जुन्या ट्रकच्या रिमवर टायर धरून ठेवणारी एक लोखंडी रिंग असते. ती गंजलेली असली तर हवा भरताना बंदुकीच्या गोळीसारखी उडते. माणसे मेली आहेत. हे काम घरी करायचेच नाही. टायरवाल्याकडेसुद्धा लोखंडी पिंजरा असेल तरच.

साध्या ग्रीसच्या डागांना घाबरू नका. कपडा कोरडा असतानाच त्यावर भांड्यांचा पातळ साबण चोळून अर्धा तास ठेवा, मग गरम पाण्याने धुवा. रॉकेलचा वास येणारा कपडा मात्र वॉशिंग मशीनमध्ये घालू नका.

पैशाचे स्पष्ट बोलते. लावलेला पैसा विक्रीतून परत येईल या हिशेबाने हे काम करू नये. जुन्या मोटारीला गिऱ्हाईक मिळते, ट्रकला क्वचित. तेव्हा दागिना मोडून नाही, मुलीच्या फीमधून नाही, कर्ज काढून तर नाहीच. वेगळे पासबुक काढा, महिन्याला झेपेल तेवढे त्यात टाका, आणि त्यात असेल तेवढेच काम त्या महिन्यात. पासबुक तुमच्याकडे. तीन पायऱ्या : कुजणे थांबवणे, इंजिन, मग लाकूड आणि रंग. कुठल्याही पायरीवर थांबले तरी आधीचे काम फुकट जात नाही.

कागदांचे काम ट्रकच्या कामाआधीचे आहे. आर.सी. बुक शोधा आणि त्यावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहा. मामंजींच्या नावाची गाडी वारसाच्या नावावर करायला आर.टी.ओ.त एकतीस नंबरचा अर्ज असतो. खरे तर तो मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत द्यायचा. तुमचे वर्ष झाले आहे, तेव्हा आता लांबवू नका. इतर वारसांची संमती लागते, म्हणजे भाऊजींची आणि नणंदांचीही. ती गोडीने घ्या. भाऊजींच्या वाट्याची भंगाराची किंमत दोन ठिकाणी विचारून त्यांना रोख देऊ केली तर निम्मा वाद तिथेच मिटेल, असे मला वाटते. त्यांचे म्हणणे काही गैर नाही. परडे त्यांचेही आहे. कर भरायचा राहिला असेल किंवा गाडी वापरात नसल्याचे कळवलेले नसेल, तर तेही आर.टी.ओ.त विचारून घ्या. २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम झाले, पण ते खासगी वापराच्या दुचाकी आणि मोटारींसाठी आहेत, मालट्रकचे त्यात भागत नाही. ट्रक रस्त्यावर आणायचा तर फिटनेस, विमा, जड वाहनाचा परवाना सगळे हवे, आणि इतक्या जुन्या गाडीचे फिटनेस दरवर्षी. परड्यात उभा ठेवून दसऱ्याला हार घालायचा असेल तर ही यातायात नाही. रंग देताना फाळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज' होते म्हणून पुन्हा लिहायचे मनात येईल. व्यावसायिक वाहनांवर ते लिहायला महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे, हे रस्त्यावर नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आणि एवढे सगळे बोलून-चालून भंगाराचेच ठरले, तर त्यातही कमीपणा नाही. फक्त गल्लीतल्या भंगारवाल्याला तोंडी व्यवहारावर देऊ नका. सरकारमान्य मोडतोड केंद्रात द्या, गाडी जमा केल्याचा दाखला घ्या आणि आर.टी.ओ.तून नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर मामंजींच्या चेसिस नंबरावर दुसरीच गाडी फिरत राहायची. देण्याआधी तेवढा मागचा फाळका उतरवून ठेवा. लाकडाला वजनाचा भाव नसतो, तो मागितला तर कोणी नाही म्हणणार नाही.