कापसाच्या हमीभाव खरेदीतील अ‍ॅपसक्ती आणि आयात शुल्कमाफी यांबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
विधान भवन, नागपूर

प्रत माहितीसाठी : मा. कृषी मंत्री, मा. पणन मंत्री, मा. महसूल मंत्री

हिवाळी अधिवेशन, डिसेंबर २०२५

विषय : कपास किसान अ‍ॅपवरील सक्तीची नोंदणी, त्यासाठी राज्याच्या अभिलेख यंत्रणेची अपुरी तयारी आणि कापसावरील आयात शुल्कमाफीची मुदत यांबाबत.

संदर्भ : याच विषयावर यापूर्वी दिलेली व अनुत्तरित राहिलेली निवेदने.

महोदय,

चालू हंगामापासून हमीभावाने कापूस विकण्यासाठी 'कपास किसान' या मोबाईल अ‍ॅपवर नोंदणी करणे बंधनकारक झाले असून, ही सक्ती लागू झाली त्याच सुमारास परदेशी कापसावरील आयात शुल्क पूर्णपणे माफ करण्यात आले. या दोन निर्णयांचा कापूस उत्पादकावर एकत्रितपणे काय परिणाम होतो, याचा विचार करण्याची विनंती विरोधी पक्षाच्या वतीने वेळोवेळी करण्यात आली. प्रत्येक वेळी तिची पोच मिळाली, उत्तर मात्र मिळाले नाही, म्हणून प्रस्तुत निवेदन सादर करणे भाग पडत आहे.

कापसावरील ११ टक्के आयात शुल्कात ५ टक्के मूळ सीमा शुल्क, ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर आणि या दोहोंवर आकारला जाणारा समाजकल्याण अधिभार यांचा समावेश होतो. अमेरिकेने वाढवलेल्या करामुळे अडचणीत आलेल्या वस्त्रोद्योगाला दिलासा म्हणून हे शुल्क १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत माफ झाले आणि ही मुदत संपण्याची वाटही न पाहता माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. वस्त्रोद्योगाची अडचण खरी आहे, याबद्दल दुमत नाही. तथापि हा काळ म्हणजे विदर्भ, मराठवाडा व खानदेशात वेचणी होऊन कापूस घरात येण्याचा काळ आहे, आणि याच काळात स्वस्त आयातीचे दार उघडे राहिल्यास खासगी भाव हमीभावाच्या खालीच रेंगाळणार, हे सांगण्यास अर्थतज्ज्ञाची गरज नाही. अशा वेळी शेतकऱ्याला भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीखेरीज आधार उरत नाही, आणि त्या खरेदीपर्यंत पोहोचण्याची वाटच नेमकी अवघड करून ठेवण्यात आली आहे.

ही वाट कशी आहे, हे तपशिलाने मांडणे आवश्यक आहे. शेतकऱ्याकडे प्रथम अ‍ॅग्रिस्टॅकचा, म्हणजे जमीन व आधार यांची सांगड घालणारा, शेतकरी ओळख क्रमांक लागतो. त्यानंतर सातबाऱ्यावर कापसाची नोंद यावी म्हणून ई-पीक पाहणी, म्हणजे शेतात उभे राहून अक्षांश-रेखांशासह पिकाचे छायाचित्र चढवण्याची प्रक्रिया, पार पाडावी लागते. मग अ‍ॅपवर नोंदणी, आधारशी जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी, कागदपत्रांची स्थानिक पडताळणी आणि शेवटी जिनिंगवर माल आणण्याचा दिवस ठरवणारा स्लॉट, असे टप्पे एकामागून एक येतात. यांपैकी एक टप्पा चुकला की पुढचा उघडत नाही, आणि तो कोठे चुकला हे सांगणारा माणूस ना सेतू केंद्रात भेटतो ना तहसिलीत.

पतीच्या मृत्यूनंतर शेती सांभाळणाऱ्या महिलेच्या बाबतीत ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. सातबारा अद्याप मृत पतीच्या नावे असतो, वारस फेरफार मंडळ अधिकाऱ्यांकडे प्रलंबित असतो आणि आधारशी जोडलेला मोबाईल क्रमांक पतीचाच असून तो कधीच बंद पडलेला असतो. त्यामुळे ओटीपी येत नाही, ओटीपी नाही म्हणून नोंदणी होत नाही आणि नोंदणी नाही म्हणून तिने स्वतः पेरलेला, स्वतः वेचलेला कापूस सरकारच्या लेखी अस्तित्वातच येत नाही. मक्त्याने किंवा बटईने शेती करणाऱ्यांची स्थिती याहून वाईट आहे, कारण उताऱ्यावर त्यांचे नाव येण्याची सोयच नाही. वेचणीची मजुरी रोख आणि त्याच आठवड्यात द्यावी लागत असल्याने असा शेतकरी स्लॉटची वाट पाहू शकत नाही. तो खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याला, म्हणजे दारात येऊन मिळेल त्या भावाने माल उचलणाऱ्याला, कापूस देऊन मोकळा होतो. लांब धाग्याच्या कापसाचा यंदाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. व्यापाऱ्याने त्यात एक हजार रुपये जरी कमी दिले, तरी वीस क्विंटलमागे वीस हजार रुपये जातात आणि कर्जाचा हप्ता तेथेच थकतो.

ज्यांची नोंदणी झाली, त्यांच्यापुढे ओलाव्याचा प्रश्न आहे. ८ टक्क्यांवर ओलावा गेला की भावात कपात आणि १२ टक्क्यांवर गेला की माल परत, हा निकष कोरड्या वर्षासाठी ठीक असला, तरी यंदाच्या सप्टेंबरमधील अतिवृष्टीने ज्यांची बोंडे झाडावरच सडली त्यांना तोच लावणे न्याय्य नाही. गाडीभाडे भरून जिनिंगच्या फाटकापर्यंत गेलेला कापूस ओलाव्याच्या आकड्यावर परत फिरतो, तेव्हा तो घरी जात नाही. फाटकाबाहेर थांबलेल्या व्यापाऱ्याकडे जातो.

कापूस महामंडळ केंद्राचे असल्याने राज्याचा संबंध नाही, असे उत्तर येण्याची शक्यता आहे. ते मान्य करता येणार नाही. कारण सातबारा राज्याचा आहे, फेरफार राज्याचा आहे आणि ई-पीक पाहणीही राज्याचीच आहे. ती १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू असूनही यंदाच्या खरिपात तिला मुदतवाढ द्यावी लागली, तसेच २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीनसाठी जाहीर झालेल्या हेक्टरी ५,००० रुपयांच्या अर्थसाहाय्यात ई-पीक पाहणीची अट अडसर ठरल्याने सातबाऱ्यावरील नोंद ग्राह्य धरण्याची वेळ शासनावरच आली होती. त्या अनुभवातून काही शिकले गेले असते, तर तीच अट कापूस खरेदीच्या दारात पुन्हा उभी राहिली नसती. शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद असलेले महाअ‍ॅग्री-एआय धोरण जून २०२५ मध्ये मंजूर करणाऱ्या शासनाला एका ओटीपीचा प्रश्न सोडवता येऊ नये, ही विसंगती सभागृहासमोर यावी.

आश्वासनांचे स्मरणही करून द्यावे लागते. २०२४ च्या निवडणुकीत सत्ताधारी युतीने हमीभावावर २० टक्के अनुदानाचे वचन दिले. ते पाळले असते, तर यंदा लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे १,६२२ रुपये अधिक मिळाले असते. त्याच वेळी दिलेले कर्जमाफीचे वचन समिती नेमून ३० जून २०२६ वर ढकलण्यात आले. अ‍ॅपवरील नोंदणीची पहिली मुदत ३० सप्टेंबर होती, तीही वाढवतच न्यावी लागली. आयातदाराला एका अधिसूचनेने सवलत मिळते आणि शेतकऱ्याला मात्र प्रत्येक वेळी नवी तारीख मिळते, असे चित्र यातून उभे राहते.

सबब पुढील मागण्या करण्यात येत आहेत :

१. अ‍ॅपवर नोंदणी न झालेल्या शेतकऱ्यांसाठी प्रत्येक खरेदी केंद्रावर कागदपत्रांच्या आधारे जागेवर नोंदणीची सोय तातडीने व्हावी. वारस फेरफार प्रलंबित असल्यास तलाठ्याचा दाखला व वारसाचे स्वयंघोषणापत्र, आणि मक्ता-बटईच्या बाबतीत जमीनमालकाचे संमतिपत्र ग्राह्य धरावे. यासाठी राज्याने केंद्राकडे लेखी प्रस्ताव पाठवून त्याची प्रत सभागृहाच्या पटलावर ठेवावी.

२. कापूस पट्ट्यातील प्रलंबित वारस फेरफार विशेष मोहिमेद्वारे निकाली काढावेत.

३. आयात शुल्कमाफी ३१ डिसेंबरनंतर वाढवू नये, अशी राज्याची भूमिका केंद्रास कळवावी.

४. अतिवृष्टिग्रस्त तालुक्यांत ओलाव्याचा निकष शिथिल करून घ्यावा.

५. खरेदी केंद्रे वाढवावीत.

६. हमीभावावरील २० टक्के अनुदानाबाबत शासनाची भूमिका स्पष्ट करावी.

या मागण्यांवर अधिवेशन संपण्यापूर्वी मुद्देनिहाय लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. नोंदणीस मुदतवाढ दिली आहे, एवढेच कळवण्यात आले तर ते उत्तर समजले जाणार नाही, कारण ज्याच्या मोबाईलवर ओटीपीच येत नाही, त्याला वाढीव मुदतीचा काहीही उपयोग नाही.

आपला विश्वासू,
(स्वाक्षरी)
विधानसभा सदस्य, विरोधी पक्ष