पावसात रुसणारी गाडी

या सदरात आजवर आपण स्वयंपाकघरातील आणि अंगणातील यंत्रांची विचारपूस केली. आज थोड्या मोठ्या यंत्राकडे वळावयाचे आहे. जुन्या व्हॅनमध्ये फळ्यांचे दोन बिछाने, एक शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून तिला चाकांवरचे घर बनविण्याची हौस काही कुटुंबांना असते. अशी गाडी उन्हाळाभर कुरकूर न करता धावते आणि पावसाच्या पहिल्या झडीला बंद पडते. त्याचे कारण कसे शोधावे, हे मला माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी उमगले.

ताईचे यजमान नोकरीनिमित्त गुवाहाटीस असतात. त्यांच्यापाशी पेट्रोलवर चालणारी अशीच एक जुनी व्हॅन आहे. इंजिन पुढील आसनांच्या खाली. २०२४ च्या जुलैत मी दिल्लीहून त्यांच्याकडे गेले असता आम्ही सर्वजण शिलाँगमार्गे सोहऱ्यास निघालो. सोहरा म्हणजे आपल्या शालेय भूगोलातील चेरापुंजी. तेथे वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. शिलाँग सोडून तास झाला नसेल. बाहेर धुके इतके दाट की रस्त्याची कडा दिसू नये. एका चढाच्या वळणावर साचलेले पाणी ओलांडताच गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. मागून मालमोटारीचा भोंगा ऐकू येत होता, आणि आत ताईच्या दोन्ही मुली निजल्या होत्या.

अशा वेळी यंत्राचा विचार नंतर करावा. भावजींनी सुकाणू धरले, ताईने आणि मी गाडी ढकलीत कडेला आणली. चाकांमागे दगड लावले, मागे पन्नास पावलांवर लाल त्रिकोण ठेवला, शेगडीच्या सिलिंडरची चावी बंद केली आणि मुलींना उठवून रस्त्यापासून दूर, दरडही कोसळणार नाही अशा जागी छत्रीखाली उभे केले. मालमोटार आमच्या बाजूने निघून गेली तेव्हा कोठे आमचा जीव भांड्यात पडला.

वीस मिनिटांनी गाडी आपण होऊन सुरू झाली. हा प्रकार त्या पावसाळ्यात चौथ्यांदा घडत होता. आधीच्या तिन्ही वेळी तीन निरनिराळ्या कारागिरांनी अनुक्रमे प्लग, पेट्रोलपंप आणि बॅटरी बदलली होती. गाडी त्यांच्या छपराखाली कोरडी उभी असे, तेव्हा तिच्यात दोष दिसत नसे. मग जे सुचेल ते बदलले जाई. भावजी वैतागून म्हणाले, "परत गेल्यावर मी ही भंगारात देणार." आणि गाडीबरोबरची जुनी इंग्रजी पुस्तिका माझ्या हाती देऊन म्हणाले, "तुझा धंदाच भाषांतराचा. ही काय म्हणते ते वाच आणि मला सांग."

पुस्तिकेत फारसे नवे नव्हते. पण तिच्यात क्रम होता. आमच्या संपादनाच्या कामातही वाक्य अडले तर एका वेळी एकच शब्द बदलून पाहावा लागतो. सर्वच शब्द बदलले तर चूक कोठे होती ते कधीच कळत नाही.

पेट्रोलच्या इंजिनाला हवा, इंधन आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी एवढेच लागते. जुन्या गाड्यांतील ठिणगीची व्यवस्था चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास रूढ केलेल्या पद्धतीची असते. बॅटरीचा १२ व्होल्टचा दाब कॉइलमध्ये वाढून सुमारे २०,००० व्होल्टपर्यंत जातो आणि डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीतून, जाड तारांच्या वाटेने, एकेका प्लगला क्रमाने पोहोचतो. एवढ्या दाबाची वीज सदैव सोपी वाट शोधीत असते. शुद्ध पाणी विजेचे फारसे चांगले वाहक नव्हे. परंतु रस्त्यावरची धूळ आणि क्षार मिसळलेल्या पाण्याचा पातळ थर तिला पुरेसा होतो. प्लगपर्यंत जाण्याऐवजी ती टोपीच्या ओल्या अंगावरूनच निसटते, आणि निसटताना टोपीवर काजळीची बारीक रेघ कोरून जाते. मग ती रेघच विजेची कायमची वाट होते आणि पुढे नुसता दमटपणाही पुरतो. डिझेलच्या इंजिनात प्लगची ठिणगी नसल्यामुळे हा दोष संभवत नाही.

म्हणून हत्यारे हाती घेण्यापूर्वी गाडी नेमकी केव्हा थांबते, हे आठवावे. साचलेल्या पाण्यातून जाताच थांबली, तर पहिला संशय ठिणगीच्या व्यवस्थेवर घ्यावा. थंड, दमट हवेत बराच वेळ नीट चालून हळूहळू बळ गमावीत थांबली आणि थोड्या विश्रांतीने पूर्ववत झाली, तर कार्ब्युरेटरात बर्फ धरला असण्याचा संभव असतो. पेट्रोलची वाफ होताना आजूबाजूची उष्णता शोषली जाते. त्यामुळे बाहेर दहा-बारा अंश तापमान असतानाही आत हिमकण जमतात. फोक्सवॅगनच्या १९५० साली निघालेल्या प्रसिद्ध व्हॅनच्या इंजिनात आत जाणाऱ्या मिश्रणाला ऊब देण्यासाठी एक बारीक नळी असते. ती काजळीने बुजली की हाच त्रास होतो. इंजिनाच्या उष्णतेने बर्फ वितळतो आणि चोराबरोबर पुरावाही नाहीसा होतो.

पेट्रोल भरल्यानंतर किंवा रात्रभराच्या पावसानंतर गाडी आचके देऊ लागली, तर टाकीच्या झाकणाचे रबर तपासावे आणि थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाहावे. पाणी असल्यास ते तळाशी वेगळे दिसते. आता आपल्याकडे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. तेव्हा गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर ही तपासणी अवश्य करावी. याखेरीज पावसात दिवे, वायपर आणि पंखा एकदम चालू असतात. फॅन बेल्ट सैल किंवा बॅटरीच्या जोडण्या गंजलेल्या असल्या, तर तो भारही जुन्या गाडीस पेलत नाही.

आमची गाडी पाणी उडताच थांबत होती आणि इंजिनाच्या उबेने टोपी वाळल्यावर सुरू होत होती. तेव्हा संशयाची दिशा ठरली. परतीच्या वाटेवर शिलाँगमध्ये एका वृद्ध खासी मिस्त्रींकडे आम्ही गेलो. भावजी त्यांना तेथील रीतीने आदराने 'बाह' म्हणत. त्यांनी आमची हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि अंधार पडेपर्यंत थांबावयास सांगितले. मग हँडब्रेक ओढून इंजिन सुरू ठेवले, आसन उचलले, दिवा मालविला आणि कपड्यांवर पाणी शिंपडण्याच्या बाटलीने टोपीवर अगदी बारीक तुषार सोडले. क्षणार्धात टोपीच्या एका बाजूस निळ्या ठिणग्या मुंगीसारख्या सरपटू लागल्या आणि इंजिन थबकले. टोपी काढून पाहिली, तो आतून केसाएवढी बारीक चीर आणि तिच्यावर काजळीची रेघ. आधीच्या तिघांच्या नजरेतून ती सुटली होती, कारण कोणीही गाडी ओली करून पाहिली नव्हती.

हा प्रयोग जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, मोकळ्या हवेत करावा. तारांना आणि फिरत्या पट्ट्याला हात लावू नये. पेट्रोलचा वास येत असेल तर मुळीच करू नये. आणि ज्यांना पेसमेकर बसविला आहे त्यांनी दूरच राहावे.

उपाय साधा होता. टोपी, रोटर आणि प्लगच्या तारा नव्या घातल्या. त्यांचा खर्च बदललेल्या बॅटरीच्या किमतीचा लहानसा अंशच भरला. चाकाकडून येणारे पाणी अडावे म्हणून रबराचा एक पडदा लावला. ओल घालविणारा फवाराही अशा वेळी कामी येतो. त्यांपैकी डब्ल्यूडी-४० हा १९५३ साली अमेरिकेत गंज रोखण्यासाठी तयार झाला, आणि त्याच्या नावातच पाणी हटविण्याचा चाळिसावा प्रयत्न असा अर्थ दडला आहे. मात्र असा फवारा ज्वालाग्राही असतो; तो इंजिन बंद आणि थंड असताना मारावा आणि पुरता उडून गेल्यावरच किल्ली फिरवावी.

कोरडे फडके, विजेरी, लाल त्रिकोण आणि जुन्या मापाची एक जादा टोपी एवढे सामान आता त्या गाडीत कायम असते. २०२५ च्या पावसाळ्यात ताईचे पत्र आले. सर्वजण पुन्हा सोहऱ्यास जाऊन आले होते. त्याच वळणावर तसेच पाणी साचले होते. भावजींनी वेग कमी करून गाडी सावकाश पलीकडे नेली. मुली याही खेपेस निजल्या होत्या, आणि त्यांना उठवावे लागले नाही.