कथेच्या शोधात सापडलेले सत्य

ऐतिहासिक कथा लिहिणे सोपे असते, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. राजे, किल्ले, घोडे आणि तलवारी ही सामग्री तयारच असते; लेखकाने तीत आपल्या कल्पनेचे रंग भरले की कथा पुरी झाली, असे अनेकांना वाटते. माझे मत याहून वेगळे आहे. जुन्या काळाविषयी ज्याला लिहावयाचे आहे, त्याने लेखणी उचलण्यापूर्वी जुनी दप्तरे, पत्रे आणि प्रवासवृत्ते धुंडाळली पाहिजेत. तसे केले म्हणजे मनात कधीही न आलेल्या गोष्टी त्याला भेटतात. त्या अनपेक्षित गोष्टींशी तो कसा वागतो, यावर त्याच्या लेखनाचे मोल ठरते.

खानदेशातील धरणगावचे उदाहरण घेऊ. जळगाव जिल्ह्यातील हे गाव कापसाच्या व्यापाराबद्दल पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. निसर्गकवी बालकवी ठोंबरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी येथेच झाला. समजा, या गावातील एखाद्या विद्यार्थ्याने शिवकालावर कथा लिहावयाचे मनात आणले. रायगड, प्रतापगड, पुरंदर ही नावे त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहतील. आपल्या गावाचा त्या कथेशी काही संबंध असेल, हे त्याच्या स्वप्नातही येणार नाही. पण ग्रंथालयात बसून तो जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर चाळू लागला, तर त्याला काय आढळेल? १६७४-७५ च्या सुमारास धरणगावात इंग्रज व्यापाऱ्यांची वखार होती! मराठ्यांच्या फौजेने खानदेशावर स्वारी केली, तेव्हा हे गाव लुटले गेले आणि वखारही त्यातून सुटली नाही. या नुकसानीची भरपाई मागण्यासाठी इंग्रजांनी आपला वकील थेट शिवाजी महाराजांकडे धाडला. म्हणजे या गावाचे नाव प्रत्यक्ष छत्रपतींच्या कानी पडले होते.

हा शोध लागताच त्या मुलाला मोठा हर्ष होईल. पण थोड्याच वेळात तो विचारात पडेल. त्या काळी धरणगाव मोगलांच्या अमलाखाली होते. बलाढ्य शत्रूशी झुंजणाऱ्या स्वराज्याला द्रव्याची गरज होती आणि शत्रूच्या मुलखातून ते मिळवणे, हा त्या युद्धाचाच एक भाग होता. तथापि, स्वारीची वार्ता ऐकून ज्यांचे काळीज धडधडले असेल, ती माणसे त्या मुलाच्याच गावची होती. महाराजांविषयीचा आदर आणि आपल्या गावातील त्या माणसांविषयीचा कळवळा, ही दोन्ही एकाच मनात नांदू शकतील काय? माझ्या मते ती नांदलीच पाहिजेत. अडचणीची म्हणून ही गोष्ट जो गाळून टाकील, त्याची कथा कदाचित गोड होईल, पण ती अपुरी राहील. जो ती जपून ठेवील, त्याला युद्धाची खरी किंमत वाचकापुढे मांडता येईल.

व्यापाऱ्यांच्या कागदांत अशा आणखीही गोष्टी सापडतात. ६ जून १६७४ रोजी झालेल्या राज्याभिषेकास हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रज वकील रायगडावर हजर होता. तेथे उभे असलेले दोन हत्ती पाहून, इतक्या बिकट चढणीने हे प्राणी वर आले तरी कसे, याचे त्याला नवल वाटले. सिंहासन, छत्र आणि चवऱ्या कोणाच्याही कल्पनेत येतील. हत्तींविषयीचा हा साधा प्रश्न मात्र प्रत्यक्ष पाहणाऱ्यालाच सुचतो. अशा एका बारीक गोष्टीने सारे चित्र जिवंत होते.

आता धरणगावच्याच इतिहासात दीडशे वर्षे पुढे येऊ. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. सातपुड्यातील आणि सह्याद्रीतील भिल्लांनी ही नवी सत्ता सहजासहजी मानली नाही. तेव्हा १८२५ साली जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांचीच एक पलटण उभारावयास घेतली आणि तिचे ठाणे धरणगावात होते. शस्त्रबळ पुरेसे पडत नाही, हे ओळखून तो एकटा रानात जाऊन त्यांच्या नायकांमध्ये राहिला. आरंभी अवघे पाच जण त्याच्याबरोबर येण्यास तयार झाले, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे.

येथे थांबणाऱ्या लेखकाला एक सोयीची कथा मिळेल : रानटी लोक, शूर साहेब आणि शेवटी सर्वत्र शांतता. परंतु आणखी थोडे वाचले, तर खाज्या नाईक भेटतो. सेंधव्याच्या घाटवाटेचे रक्षण करण्यासाठी कंपनीच्याच चाकरीत राहिलेला हा भिल्ल नायक १८५७ साली कंपनीविरुद्ध उठला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे त्याच्या लोकांची इंग्रज फौजेशी मोठी लढाई झाली. चाकरी करणारा हात शस्त्र घेऊन का उठला? हा प्रश्न पडला, की ती सोयीची कथा ढासळते आणि खरी कथा सुरू होते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. औट्रमने लिहून ठेवले. ते पाच भिल्ल काही लिहून गेले नाहीत. त्यांनी का होकार दिला, हे आपण केवळ साहेबाच्या लेखणीतून ऐकतो. कागद हा साक्षीदार खरा, पण तो एका बाजूचा असू शकतो. म्हणून लेखकाने कागदाबरोबर लोकांच्या तोंडची गाणी आणि आठवणीही ऐकाव्यात. जेथे सर्वच साधने मुकी होतात, तेथेच कल्पनेने पाऊल टाकावे, आणि तेही जपून.

असे कष्ट घेणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे थोर आहे. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे हे कवी आणि नाटककार होते. ते शाळेत संस्कृत शिकवीत; पण पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रांनी त्यांना असे वेधून घेतले, की १८९७ पासून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, घरोघरची दप्तरे त्यांनी मिळवली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध केले. १९२६ साली धुळ्यात त्यांचा देहान्त झाला. त्यांच्या नावाची संशोधनसंस्था तेथे त्यांचा संग्रह सांभाळत आली आहे. धरणगावच्या मुलाला धुळे काही दूर नाही.

काल्पनिक पात्रे आपण घडवू तशी घडतात. होऊन गेलेल्या माणसांना मात्र आता स्वतःची बाजू मांडता येत नाही. त्यांची बाजू मांडण्याचे काम लेखकाने आपण होऊन पत्करलेले असते. म्हणून शोध घेताना आपल्या कथेला न मानवणारी गोष्ट हाती आली, तर ती दडवू नये. त्या गोष्टीसाठी आपली कथा बदलावी. तिच्यातूनच आपल्याला ठाऊक नसलेला आपला गाव आपल्याला भेटतो.