शाळेचं अंगण सगळ्यांचं राहू द्या

आपल्या गावात सगळ्या घरांतली पोरं एका पंगतीला बसून खिचडी खातात अशी एकच जागा उरली आहे, ती म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. मराठ्याचं, बौद्धाचं, मुसलमानाचं, धनगराचं, पारध्याचं लेकरू तिथे मांडीला मांडी लावून बसतं. ही पंगत फार कष्टानं बसली आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार मुलाला प्रवेश नाकारला, आणि एका पोरासाठी बाकीच्यांना दुखवायला नको म्हणून मुंबई सरकारनंही अंग काढून घेतलं. कित्येक गावांत तेव्हा शाळा देवळात भरायची. ज्यांना देवळाची पायरी बंद, त्यांना शाळेचीही बंद. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून ती मुलं सर्वांच्या शाळेत आणून बसवली. त्याच साली भाऊराव पाटलांनी काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुलं एका चुलीवर रांधून जेवू लागली.

हे मोठेपण आता आपल्याच हातून निसटतं आहे. कुणी देणगीदार पटांगणात देऊळ बांधून देतो. कुठे परिपाठात एखादं स्तोत्र शिरतं, कुठे वर्गात सत्यनारायण घातला जातो, कुठे पुढाऱ्याच्या हट्टापायी मुलांना रांगेनं एखाद्या धार्मिक सोहळ्याला नेलं जातं. बहुतेक वेळा मनात वाईट काही नसतं. गावात जे चालतं तेच शाळेत येतं. पण त्या रांगेत चौथीतली एखादी मुलगी उभी असते, जिच्या घरी तो देव नाही. ती सगळ्यांबरोबर हात जोडते किंवा खाली मान घालून उभी राहते. दोन्ही वेळा तिला कळतं की ही शाळा तिची थोडी कमी आहे. ती तक्रार करणार नाही, तिचे आईबापही करणार नाहीत, कारण त्यांना गावातच राहायचं आहे. म्हणून बोलायचं काम आपलं, ज्यांच्या घरचा देव त्या रांगेपुढे असतो त्यांचं.

राज्यघटनेच्या २८व्या कलमात याबाबत संदिग्धता नाही. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही, पालकांची संमती नसेल तर, मुलाला धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. ७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीची बाजू मांडताना डॉ. आंबेडकरांनी साधा व्यवहार सांगितला : कर सगळ्यांकडून घेतला जातो, आणि इतक्या धर्मांच्या देशात प्रत्येकाचं शिक्षण सरकारी शाळेनं देणं शक्य नाही. पुढे न्यायालयांनीही हा धागा सोडला नाही. केरळातल्या तीन मुलांनी धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत म्हटलं नाही, पण ती आदरानं उभी राहिली. त्यांना शाळेत परत घ्या, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये सांगितलं. नाशिकच्या एका शिक्षकानं प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून त्याची वाढीव वेतनश्रेणी अडवली गेली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालय २०१३ मध्ये त्याच्या बाजूनं उभं राहिलं.

शाळेत धर्माचं नावच काढू नये, असं मी म्हणत नाही. धर्मांची माहिती देणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि मला ते मनापासून पटतं. तुकोबांच्या जोडीला श्रीगोंद्याचे शेख महंमद शिकवा. मराठीत ख्रिस्तपुराण रचणारे फादर स्टीफन्स शिकवा. ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा, दिवाळी हे सण कोण कसे करतं, ते मुलांनीच एकमेकांना सांगू द्या. संतांची, पीरांची ही भूमी पोरांना कळलीच पाहिजे. मात्र जाणून घेणं आणि पूजेला उभं करणं यातली रेघ पुसू देऊ नका. संस्कार कुठून येणार, असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की पूजा घराघरात आहेच, देऊळ-मशीद-विहार गावात आहेतच. शेजारच्या आळीतल्या पोराशी दोस्ती मात्र शाळेतच जुळते.

तेव्हा पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीत या. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं तिथे तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि निम्म्या सदस्य बायका असायला हव्यात. बहुतेक ठिकाणी सही करण्यापलीकडे कुणी जात नाही, तुम्ही जा. परिपाठात काय म्हटलं जातं ते एकदा सकाळी उभं राहून ऐका. उद्देशिका, प्रतिज्ञा, राष्ट्रगीत आणि साने गुरुजींची प्रार्थना एवढ्यावर कोणत्याही लेकराची सकाळ चांगली सुरू होते. देणगी आली तर वाचनालयासाठी, मुलींच्या स्वच्छतागृहासाठी, पाण्याच्या टाकीसाठी घ्या आणि तसा ठराव इतिवृत्तात लिहून ठेवा. शिक्षकांवर बाहेरून दबाव आला तर त्यांना एकटं पाडू नका. चार पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन बसा, अर्ज लेखी मागा, २८वं कलम वाचून दाखवा. माजी विद्यार्थ्यांनो, पुण्या-मुंबईहून जत्रेला गावी याल तेव्हा शाळेतही एक फेरी मारा. आणि समितीची पुढची बैठक कधी आहे, ते उद्याच मुख्याध्यापकांना विचारा.