हूड चकाचक, डक्ट तसाच! सही कशावर करताय?



हॉटेलांच्या किचन एक्झॉस्ट साफसफाईच्या व्हिडिओत मी मशीन, केमिकल आणि भांडवल यांवर बोललो. एक मुद्दा मात्र तिथे घाईत उरकला. या धंद्यात नवा माणूस बहुतेक वेळा त्याच मुद्द्यावर फसतो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं मत सरळ आहे. जो डक्ट तुम्ही आतून पाहिला नाही, तो साफ केल्याचा कागद देऊ नका. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या.

आता हे काम नेमकं काय असतं ते बघा. बाणेर, विमाननगर, एफसी रोड, कुठेही जा; कितीतरी हॉटेलं इमारतीच्या तळमजल्यावर आहेत आणि वर लोक राहतात किंवा ऑफिसं आहेत. शेगडीच्या वर हूड, हूडमध्ये फिल्टरच्या जाळ्या, मागे पत्र्याचा डक्ट, तो भिंतीच्या कडेने थेट गच्चीपर्यंत आणि वर ब्लोअर. तेलाची वाफ वर जाताना थंड होते आणि जिथे थंड होते तिथे चिकटते. जाळ्या किचनमधला पोऱ्या रात्री धुतो. हूड बाहेरून पुसला जातो, कारण तो दिसतो. डक्टच्या आत मात्र वर्षानुवर्षं कुणी डोकावत नाही. चायनीजच्या कढईतला भडका एखाद दिवशी जाळीतून वर गेला, की आतला थर पेटतो आणि ब्लोअर चालू असेल तर तोच आगीला हवा पुरवतो. ती आग मग किचनपुरती राहत नाही, डक्ट जिथून जातो तिथे सगळीकडे जाते.

मालकाला हे माहीत नसतं असं नाही. पण त्याला दोन गोष्टी हव्या असतात: स्वस्तात काम आणि दाखवायला कागद. आमच्या बॅचमधल्या एका मुलाचं पहिलंच काम असं होतं. हूड आणि जाळ्या धुतल्या, डक्टला उघडायला झाकणच नव्हतं. मालक म्हणाला, ‘अरे, लिहून टाक ना पूर्ण सिस्टीम क्लीन केली म्हणून, कोण बघतंय?’ पोराने मला रात्री दोन वाजता फोन केला. मी म्हटलं, जेवढं केलंस तेवढंच लिही आणि खाली लिही: ‘डक्टला अॅक्सेस पॅनेल नाही, आतली सफाई केलेली नाही.’ मालक चिडला, पैसे कापले. काही दिवसांनी त्यानेच पॅनेल बसवायचं कोटेशन मागवलं. दर वेळी असा शेवट होतो असं मी म्हणणार नाही. पण समजा काम परत आलं नसतं, तरी सल्ला तोच दिला असता.

२०१७ च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिलच्या आवारात आग लागून १४ जण गेले. ती आग डक्टची नव्हती; तपासात हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवलं गेलं. तरी मी ते उदाहरण देतो, कारण नंतर काय झालं ते आठवा. मालकांना अटक झालीच, महापालिकेचे अधिकारीही निलंबित झाले. आग विझली की पहिला प्रश्न असतो: परवानगी कोणी दिली, सही कोणाची? त्या कागदावर तुमच्या छोट्या फर्मचा शिक्का असेल तर तुम्ही ‘मी फक्त हूड पुसला होता’ असं कुणाला सांगणार?

इथे अजून एक घोळ होतो. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला फॉर्म बी म्हणतो ते, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. ते परवानाधारक एजन्सीच देऊ शकते. तुमच्याकडे तो परवाना नसेल तर तुम्ही देता तो फक्त सर्व्हिस रिपोर्ट. त्यावर ‘फायर सेफ्टी सर्टिफिकेट’ असं मथळ्यात छापू नका. भपका वाटतो, पण तीच तुमची मान अडकवेल.

मग रिपोर्टमध्ये लिहायचं काय? प्रत्येक पॅनेलमधून आधीचा आणि नंतरचा फोटो, तारखेसकट. कुठून कुठपर्यंत साफ झालं त्याचं हाताने काढलेलं साधं रेखाचित्र. जे झालं नाही ते ठळक अक्षरात. अमेरिकेचं एनएफपीए ९६ नावाचं मानक आहे, मोठ्या हॉटेल चेनवाले तेच विचारतात. त्यात तपासणीचा हिशोब स्वयंपाकावर आहे: कोळसा-लाकडाची भट्टी असेल तर दर महिन्याला, मोठ्या आचेचं चायनीज किंवा चोवीस तास चालणारं किचन असेल तर तीन महिन्यांनी, मध्यम कामाला सहा महिन्यांनी. डक्टमध्ये सुमारे २ मिलिमीटर थर दिसला की सफाई करायची. हे आकडे मालकाला सांगा. कोळशाची तंदूर भट्टी लावलेल्या माणसाला ‘वर्षातून एकदा पुरे’ असं सांगणं म्हणजे त्याला फसवणं.

दराबद्दल. समजा, फक्त हूड-जाळ्यांचे तुम्ही ४,००० घेता आणि डक्ट-ब्लोअरसकट १२,०००. तुम्ही जीएसटीत असाल तर १२,००० वर १८ टक्के, म्हणजे २,१६० वर जातात. आता ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या हॉटेलला इनपुट क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे ते २,१६० त्याच्या खिशातून जातात. आयटी कंपनी किंवा कारखान्याच्या बाबतीत हा हिशोब वेगळा असतो. म्हणून तो घासाघीस करतो, कंजूस आहे म्हणून नाही. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत महाराष्ट्रात साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. सुरुवातीला छोट्या हॉटेलांच्या कामात हा तुमचा खरा फायदा आहे. तो वापरा. पण दर पाडण्यासाठी डक्ट वगळू नका, वगळलाच तर कोटेशनमध्येच तसं लिहा.

पोरांच्या जिवाचंही बघा. काम रात्री किचन बंद झाल्यावर, पहाटेपर्यंत. ब्लोअरचा स्विच बंद करून भागत नाही, बोर्डाला कुलूप लावून किल्ली आपल्या खिशात. गच्चीच्या कडेला काम असेल तर हार्नेस. आणि कॉस्टिक अॅल्युमिनियमच्या जाळीवर कधीच नाही. जाळी खाल्ली जाते आणि हायड्रोजन वायू सुटतो. जीआय पत्र्यालाही ते मानवत नाही. निघालेलं तेल ओढून डब्यात भरा, मोरीत सोडलंत तर दुसऱ्या दिवशी सोसायटीचा फोन तुम्हालाच येईल.

फोन करायचेत तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा. जानेवारीच्या फॉर्म बीची आठवण मालकाला तेव्हा करून दिली तर तो ऐकतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात थर्टी फर्स्टच्या धांदलीत कुणी फोन उचलत नाही, आणि उचलला तर फक्त एवढंच विचारतो, ‘उद्या सर्टिफिकेट मिळेल का?’